मोरचूद, हिराकस, नवसागर: सॉल्ट ॲनॅलिसिसचा हात असा बसवा

नाशकातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्रीची लॅब सांभाळते. बारावीच्या प्रॅक्टिकलला समोर एक पुडी येते. तिच्यातला एक धन आयन आणि एक ऋण आयन ओळखायचा असतो. पोरं तक्ता तोंडपाठ करून येतात आणि पुडी उघडली की तिच्याकडे बघायचं सोडून तक्ता आठवत बसतात. म्हणून मी सांगते, अनोळखी क्षाराला हात लावायच्या आधी ओळखीच्या क्षारांवर सराव करा. आपल्या जिल्ह्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेच्या शेडमध्ये मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, झिंक सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम नायट्रेट आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट सापडतं. तुरटी किराणा दुकानात मिळते, कल्हईचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड भांडीबाजारात. चमचाभर आणा, सरांना विचारा आणि लॅबमध्येच तपासा. घरी अजिबात नाही. संहत सल्फ्युरिक ॲसिड स्वयंपाकघरात नेण्याची वस्तू नाही.

सगळ्यात आधी कोरं पाणी तपासा. एका परीक्षानळीत गंगापूर धरणाचं नळाचं पाणी घ्या, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत विरल नायट्रिक ॲसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. नळाचं पाणी धुरकट होतं, कारण त्यात क्लोराईड असतंच. नळाखाली विसळलेली नळी तशीच वापरणाऱ्याला प्रत्येक पुडीत क्लोराईड का सापडतं, ते इथे कळतं. (सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग पडतो आणि तो काही दिवस जात नाही. घासू नका, उपयोग होत नाही.)

मग कोरड्या परीक्षा. मोरचूद निळा, हिराकस फिकट हिरवा, मँगनीजचे क्षार फिके गुलाबी. पांढरा रंगही काही सांगतोच: तांबं, निकेल, कोबाल्ट बहुधा नाही. आता कोरड्या नळीत चिमूटभर तापवा. मोरचुदातलं पाणी उडून तो पांढरट होतो. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाका, निळा परत येतो. नवसागर वितळत नाही. त्याचा पांढरा धूर होतो आणि नळीच्या वरच्या गार भागावर पांढरा थर बसतो. कल्हईवाल्याच्या भांड्यातून उठणारा धूर तोच.

अमोनियम आधीच उरकून घ्या, कारण पुढे ग्रुप लावताना, म्हणजे धन आयन गटागटाने खाली बसवताना, आपणच अमोनियम क्लोराईड ओतणार आहोत. मूळ क्षारात सोडियम हायड्रॉक्साईड टाकून गरम करा आणि नळीच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. तो निळा झाला तर अमोनियम. लिटमस नळीच्या काठाला टेकवू नका. तिथे अल्कली लागलेली असली तर कागद फुकटच निळा होतो. ही परीक्षा बागेतल्या कॅल्शियम नायट्रेटवर करून बघाच. दाणेदार खत असेल तर अमोनियम सापडतो, लॅबच्या बाटलीतल्या शुद्ध कॅल्शियम नायट्रेटमध्ये सापडत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं. त्या खताच्या दाण्यात थोडं अमोनियम नायट्रेट असतंच.

ऋण आयनासाठी आधी विरल ॲसिड. खायच्या सोड्यावर टाकलं की फसफसतं आणि तो वायू चुन्याच्या निवळीला दुधाळ करतो. वायू जास्त वेळ सोडत राहिलात तर निवळी पुन्हा स्वच्छ होते, म्हणून दुधाळ झाल्याबरोबर थांबा. विरल ॲसिडला काहीच दाद दिली नाही तर संहत सल्फ्युरिक. तेही सर शेजारी असताना, थेंबाथेंबाने. सल्फेट मात्र दोन्हींना दाद देत नाही. त्याला बेरियम क्लोराईड लागतं. पांढरा अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा गाळ) आला आणि विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळला नाही, तर सल्फेट. बागेतले बहुतेक क्षार इथेच सापडतात.

नायट्रेट असेल तर दिसणाऱ्या तपकिरी कड्यासाठी फेरस सल्फेट ताजं हवं. पिवळट-तपकिरी पडलेलं द्रावण फेकून द्या, हिराकसाचा हिरवा खडा नव्याने विरघळवा. क्षाराचं द्रावण आणि हे द्रावण मिसळा, नळी तिरकी धरा आणि संहत सल्फ्युरिक भिंतीवरून सोडा. नंतर हलवू नका. कडं दोन थरांच्या मध्ये दिसतं, हलवलंत की गेलं.

आता धन आयन. ग्रुपचा क्रम पाळण्याचं कारण साधं आहे: प्रत्येक पायरी आपले आयन खाली बसवते आणि बाकीच्यांना द्रावणात राहू देते. पायरी गाळलीत तर पुढचा अवक्षेप कोणाचा, हे सांगता येत नाही. तिसऱ्या ग्रुपआधी, दुसऱ्या ग्रुपसाठी सोडलेला हायड्रोजन सल्फाईड उकळून घालवा आणि संहत नायट्रिकचे एक-दोन थेंब टाकून तापवा, म्हणजे फेरसचं फेरिक होतं. मग अमोनियम क्लोराईड आणि त्यानंतर अमोनियम हायड्रॉक्साईड. उलट क्रमाने नको.

पोरं खरी अडकतात ती पांढऱ्या अवक्षेपांपाशी. झिंक सल्फेट, तुरटी आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची तीन द्रावणं करा. प्रत्येकाच्या दोन नळ्या घ्या. एकीत सोडियम हायड्रॉक्साईड थेंबाथेंबाने, दुसरीत अमोनियम हायड्रॉक्साईड. सुरुवातीला सगळीकडे पांढरंच दिसतं. आता दोन्ही अभिकारक जास्त टाका. झिंकचा अवक्षेप दोन्हींत विरघळतो. तुरटीतलं ॲल्युमिनियम सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये विरघळतं, अमोनियम हायड्रॉक्साईडमध्ये नाही. मॅग्नेशियम कशातच विरघळत नाही. या सहा नळ्या एकदा शेजारी शेजारी लावून पाहिल्या की तक्ता पाठ करावा लागत नाही. वर बागेलाही उपयोग आहे: झिंक सल्फेटमध्ये स्वस्त मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते. भरपूर सोडियम हायड्रॉक्साईड टाकूनही पांढरं शिल्लक राहिलं, तर ती पिशवी संशयास्पद समजा.

तांब्याला इतका त्रास नाही. अमोनियम हायड्रॉक्साईडच्या पहिल्या थेंबांनी फिकट निळा अवक्षेप येतो, जास्त टाकलं की गडद निळं द्रावण होतं. बागायतदार तर परीक्षानळीशिवाय तांबं ओळखतात. बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुना मिसळून केलेल्या बुरशीनाशकाच्या) पिंपात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रणात मोकळं तांबं आहे, आणखी चुन्याची निवळी हवी. लोखंड द्रावणात जातं आणि त्याच्या जागी तांबं पात्यावर बसतं. ही सुद्धा आयनाचीच परीक्षा झाली.

ज्योत परीक्षा (क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरायचा आणि रंग बघायचा) मी पुष्टीसाठी ठेवते, तिच्या एकटीवर विश्वास टाकत नाही. सोडियम सगळीकडे चिकटलेलं असतं, हाताच्या घामातसुद्धा, आणि त्याचा पिवळा बाकीचे रंग झाकतो. तार संहत हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून, ज्योतीत रंग येईनासा होईपर्यंत तापवा. क्षार त्याच ॲसिडने ओला करा, क्लोराईड पटकन उडतात. कॅल्शियम विटकरी, बेरियम पोपटी, पोटॅशियम फिकट जांभळा. तुरटीतलं पोटॅशियम बघायचं असेल तर निळ्या काचेतून बघा.

जर्नलमध्ये नुसतं ‘पांढरा अवक्षेप’ लिहू नका. ‘पांढरा, चिकट, जास्त सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये विरघळला, अमोनियम हायड्रॉक्साईडमध्ये नाही’ असं लिहा, आणि नळी हातात असतानाच लिहा. शिसं आणि सिल्व्हरच्या नळ्या सिंकमध्ये ओतायच्या नाहीत. टेबलाखाली त्यासाठी झाकणाची बाटली ठेवलेली आहे.