रोजची कामं रखडतात? आधी यादी लिहायची पद्धत बदला

वही एकच घ्या, साधी शंभर पानी. ॲपच्या भानगडीत पडू नका, यादी बघायला म्हणून फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सॲपच उघडतं.

तारखांची कामं वहीत नकोत, ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. विम्याचा हप्ता, गाडीची पीयूसी, घरात पेन्शनर असतील तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. गोल मात्र शेवटच्या तारखेवर करू नका, आठ-दहा दिवस आधी करा, कारण कागद कमी पडतोय हे कळतं तेच ऐनवेळी.

आता खरी अडचण, आणि माझं गाडं वर्षानुवर्षं इथेच अडायचं. आपण यादीत लिहितो "बँक", "कपाट", "आधार". ही कामं नाहीत, हे विषय झाले. "बँक" वाचलं की कुठले कागद लागतील, कोणाला भेटायचं, आज उघडी आहे का असे चार प्रश्न एकदम समोर येतात आणि आपण गपचूप खालच्या ओळीवर सरकतो, मग तीच ओळ दिवाळीपर्यंत तशीच. आळस वगैरे काही नसतो हो, ओळच चुकीची लिहिलेली असते.

म्हणून प्रत्येक ओळीत क्रियापद हवंच, आणि वाचून झाल्यावर उठून लगेच करता येईल असंच हवं. बाबांच्या खात्याला नॉमिनी लावायचाय ना, मग "नॉमिनी" नको, "लोखंडी कपाटातून बाबांचं पासबुक काढणं" लिहा. ते झालं की खोडा आणि मगच पुढची ओळ, "नॉमिनीचा फॉर्म भरून बाबांची सही घेणं". मग "बुधवारी अकराला शाखेत फॉर्म देऊन पोच घेणं". वार मुद्दाम लिहा, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे दारात जाऊन आठवण्यात काय अर्थ आहे? आणि कृपा करून सगळ्या पायऱ्या पहिल्याच दिवशी लिहून काढू नका, पान भरलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि पासबुक कपाटातच राहतं. एका वेळी एकच पायरी.

दिवसाला अशा तीन ओळी, बास. "पहाटे पाचला उठा" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, ज्या घरात सकाळी डबे, नळाचं पाणी आणि शाळेची व्हॅन असते तिथे पहाट आधीच भरलेली असते. तुमचा मोकळा तास दुपारी तीनचा असेल तर तोच धरा.

कामाला बसलात की फोन दुसऱ्या खोलीत, उलटा करून टेबलावर ठेवला तर चालणार नाही. 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं सुट्टी ही फ्रान्चेस्को चिरिलो ह्या इटालियन माणसाची पोमोदोरो पद्धत, त्याने ती 1980च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातल्या टायमरवर सुरू केली, आणि घरच्या कामांना ती छान लागू पडते. मधेच सिलिंडर बुक करायचं आठवलं तर उठू नका, वहीच्या शेवटच्या पानावर टिपा आणि हातातलं चालू ठेवा.

रविवारी संध्याकाळी उरलेल्या ओळी नव्या पानावर हाताने उतरवून काढा. एखादी ओळ तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली तर तिची आणखी बारीक पायरी करा, नाहीतर सरळ काट मारा.