नोकरीसाठी बंगळूर-हैदराबादला जाताय? होकार देण्याआधी या चुका टाळा

पुण्या-मुंबईत आयटी, फार्मा किंवा ऑटो क्षेत्रात नोकरी करणाऱ्याला कधी ना कधी हा फोन येतोच. पोस्ट चांगली आहे, पगार चांगला आहे, फक्त लोकेशन बंगळूर. कधी हैदराबाद, कधी चेन्नई. उत्तर द्यायला चार-पाच दिवस मिळतात आणि त्या दिवसांत घरात चर्चा होते ती पगाराची आणि हवेची. बंगळूरची हवा छान, चेन्नईत घामाच्या धारा, हैदराबाद त्यातल्या त्यात जवळ. पण ज्या गोष्टींमुळे माणसं वर्ष-दोन वर्षांत वैतागून परत येतात, त्या या चर्चेत निघतच नाहीत. ऑफिस नेमकं कुठे आहे, मूल कितवीत आहे आणि आई-वडील कुठल्या गावी राहतात, या तीन प्रश्नांची उत्तरं पगाराच्या आकड्याआधी कागदावर लिहून काढा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

पगाराची तुलना नुसत्या पगाराशी करणं

समजा, आज वर्षाला १८ लाख मिळतात आणि बंगळूरची ऑफर २३ लाखांची आहे. पाच लाखांची वाढ ऐकायला घसघशीत वाटते. नव्या करप्रणालीनुसार (आर्थिक वर्ष २०२५-२६ चे टप्पे धरून) या पाच लाखांवर साधारण सव्वा लाखाच्या आत-बाहेर कर जातो. वाढीतली सगळी रक्कम रोख पगारात धरली, तरी महिन्याला हातात साधारण ३२ हजार जास्त येतात. त्यात व्हेरिएबल आणि पीएफचा वाटा असेल तर आणखी कमी.

आता दुसरी बाजू. पुण्यात तुम्ही स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या घरात राहत असाल आणि तिकडे दोन बेडरूमच्या घराला ३५ हजार भाडं असेल, तर वाढ पहिल्याच तारखेला संपली. घरभाडे भत्त्याची सूट मिळेल म्हणावं, तर नव्या करप्रणालीत ती नाही. जोडीदाराची नोकरी सुटणार असेल, तर हिशोब सरळ उणे जातो. नवऱ्याला किंवा बायकोला ‘तिकडे काय, सहज मिळेल’ असं गृहीत धरून निघालेली घरं मी पाहिली आहेत; ते सहज मिळणं सहा-आठ महिने लांबलं की घरातलं वातावरण बिघडतं.

म्हणून महिन्याचा खर्च दोन रकान्यांत मांडा: आज इथे किती आणि उद्या तिथे किती. गावी जाण्या-येण्याचा खर्च तिथल्या रकान्यात आठवणीने घाला, कारण तो बहुतेक जण विसरतात.

शहर विचारलं, ऑफिसचा पत्ता विचारलाच नाही

ऑफर लेटरवर नुसतं ‘बंगळूर’ लिहिलेलं असतं. पण उत्तरेला नागवाऱ्याजवळचा मान्यता टेक पार्क, पूर्वेला व्हाइटफील्ड आणि दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटी ही रोजच्या जगण्यासाठी तीन वेगळी गावं आहेत. जयनगर, मल्लेश्वरमसारख्या जुन्या, झाडीच्या भागात घर घ्यायचं आणि ऑफिस व्हाइटफील्डला असायचं, म्हणजे रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर गेले.

मेट्रोने यात मोठा फरक पडला आहे. पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्डपासून चल्लघट्टापर्यंत सलग धावते. इलेक्ट्रॉनिक सिटीवरून जाणारी यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. पण सिल्क बोर्ड, बेळंदूर, मारतहळ्ळी हा आउटर रिंग रोडचा पट्टा, जिथे कंपन्यांची सगळ्यात जास्त दाटी आहे, तो या दोन्ही लाइनींच्या मधे पडतो. तिथल्या नियोजित ब्लू लाइनच्या भरवशावर घर घेऊ नका. तुम्ही जाल त्या दिवशी जे चालू असेल तेवढंच हिशोबात धरा.

हैदराबादला मेट्रोची ब्लू लाइन रायदुर्गला संपते. ऑफिस हायटेक सिटीत असेल तर मेट्रो कामाची. गच्चीबावली किंवा फायनान्शियल डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर पुढचा प्रवास रस्त्यानेच. चेन्नईत आयटी बहुतेक ओएमआर (जुना महाबलीपुरम रोड) या रस्त्यावर आणि गाड्यांचे कारखाने शहराबाहेर ओरगडम, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला. चाकणहून तिकडे जाणाऱ्याने ‘चेन्नई’ म्हणून समुद्राकाठी घर बघत बसू नये, कंपनीची बस कुठून सुटते ते आधी विचारावं.

मुलाखतीसाठी किंवा घर बघायला जाल तेव्हा शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवार थांबा आणि सकाळी नऊला व संध्याकाळी सहाला तो रस्ता स्वतः तुडवा. आणि ‘आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस’ असं तोंडी आश्वासन मिळालं असेल, तर ते मेलवर मागून घ्या. अशी धोरणं एका परिपत्रकाने बदलतात.

घर पाहिलं, पाणी पाहिलं नाही

मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये बोअर आटल्या, टँकरचे दर भडकले आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागू झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे आणि कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंप करून आणावं लागतं. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तो मुख्यतः शहरात नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी. पण लाइन आली म्हणजे प्रत्येक सोसायटीने जोडणी घेतलीच असं नाही.

ब्रोकर ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ असंच म्हणणार. खरं उत्तर वॉचमनकडे असतं. कावेरीचं पाणी येतं का, किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात रोज किती टँकर लागतात, हे त्याला विचारा. मग घरात जाऊन बाथरूमचा शॉवर आणि स्वयंपाकघरातला नळ नीट बघा. छिद्रांवर पांढरा, खडबडीत थर बसला असेल तर बोअरचं जड पाणी आहे. गीझरचं कॉइल आणि वॉशिंग मशीन त्या पाण्याने खराब होतात, केसांचे हाल होतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

चेन्नईत दोन्ही टोकं आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले होते. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये घरांत पाणी शिरलं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यामुळे जून-जुलैत घर बघणाऱ्याला त्याची कल्पना येत नाही. वेलाचेरी, पल्लिकरणैसारख्या सखल भागात तळमजल्याचं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

डिपॉझिट आणि ‘पेंटिंग चार्ज’

पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असते. बंगळूरमध्ये जुनी पद्धत दहा महिन्यांची. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. ३५ हजारांच्या घराला सहा महिने धरले तरी दोन लाख दहा हजार, वर ब्रोकरेज एक महिन्याचं. ही रोकड हाताशी नसेल तर पहिल्याच महिन्यात क्रेडिट कार्डावर भार येतो. घर सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घेण्याचीही रीत आहे. हे करारात लिहिलं आहे का ते वाचा, आणि घरात शिरताना प्रत्येक भिंतीचे, दारांचे, ओट्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला मेल करा. निघताना वाद झाला तर हे फोटोच कामाला येतात.

मुलाची इयत्ता हिशोबात न धरणं

ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते, आणि ती लक्षात येते तेव्हा दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे. खासगी नोकरीवाल्यांना नाही. इंजिनीअरिंगला आई-वडिलांच्या डोमिसाइलवर थोडी वाट उरते.

कर्नाटकात सर्वसाधारण नियम असा की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं राज्यात शिक्षण हवं आणि दहावी किंवा बारावी तिथून झालेली हवी. तेलंगणात बारावीपर्यंतची सलग चार वर्षं लागतात.

आता आठवीत गेलेलं मूल घेऊन बंगळूरला जाण्याचा विचार करा. आठवी ते बारावी पाचच वर्षं होतात. कर्नाटकाची सात वर्षं भरली नाहीत आणि महाराष्ट्राची दहावी-बारावी सुटली. मूल हुशार असूनही वैद्यकीयला दोन्ही राज्यांच्या कोट्याबाहेर; उरतो तो अखिल भारतीय कोटा, नाही तर भरमसाट फीची कॉलेजं. हेच मूल सहावीच्या सुरुवातीला गेलं असतं तर सात वर्षं पूर्ण झाली असती. हैदराबादला नववीच्या सुरुवातीपर्यंत गेलं तरी चालतं. आरक्षणाबाबतही हीच गोष्ट: महाराष्ट्राचं जात प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या कोट्यात चालत नाही. नियमांत बदल होत असतात, म्हणून दोन्ही राज्यांच्या प्रवेश परीक्षांच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

मूल नववी ते बारावीत असेल तर माझा सल्ला सरळ आहे: तेवढी वर्षं कुटुंब इथेच ठेवा आणि एकाने ये-जा करा, किंवा ऑफर सोडा. मूल लहान असेल तर उलट हीच जाण्याची योग्य वेळ. कर्नाटक आणि तेलंगणात केंद्रीय बोर्डाच्या शाळांतही तिथली भाषा शिकणं कायद्याने सक्तीचं आहे. पहिली-दुसरीतली मुलं कन्नड किंवा तेलुगू खेळता खेळता उचलतात, सातवीतल्याला मात्र शिकवणी लावावी लागते.

आई-वडिलांचं गाव नकाशावर न पाहणं

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या माणसाला बंगळूर सोयीचं; राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट हुबळी-दावणगेरेमार्गे जातो आणि रात्रीची बस सकाळी पोहोचवते. सोलापूर, लातूर, नांदेडवाल्यांना हैदराबाद जवळ, सोलापुरापासून जेमतेम ३०० किलोमीटर. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशीच जोडलेला होता, त्यामुळे तिथे मराठी वस्तीही जुनी आहे. घरी मधुमेहाचे, हृदयविकाराचे रुग्ण असतील, तर दोन सारख्या ऑफरींमध्ये जवळचं शहर घ्या, पगार थोडा कमी असला तरी.

विमानाच्या वेळेवर भिस्त ठेवू नका. पुणे-बंगळूर उड्डाण दीड तासाचं असलं, तरी बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला आहे आणि सर्जापूर रोड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीहून तिथे पोहोचायलाच दोन तास जातात. रात्री-अपरात्री इथे आई-वडिलांकडे कोण धावून येईल, त्या शेजाऱ्याशी किंवा नातेवाइकाशी निघण्याआधी समोर बसून बोला.

गाडी तशीच घेऊन जाणं

एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर तिथे पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स भरावा लागतो. कर्नाटकाचा आजीवन टॅक्स देशातल्या सगळ्यात जड टॅक्सांपैकी आहे. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची, मग आपल्या आरटीओची एनओसी; हे काम निघण्याआधी करा. इथे उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो, पण त्यासाठी खेटे पडतात. आठ-दहा वर्षांची गाडी असेल तर इथेच विकून टाका. नवी घेणार असाल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर बीएच (भारत) सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा नंबर मागा.

भाषा ‘चालून जाईल’ म्हणणं

हैदराबादला हिंदी सगळीकडे चालते. बंगळूरच्या ऑफिसातही चालते, पण रिक्षावाला, भाजीवाला, कामवाली बाई, वॉर्ड ऑफिस यांच्याशी कन्नडचा फार उपयोग होतो. चेन्नईत रस्त्यावर हिंदीची अपेक्षाच ठेवू नका. इथे येणाऱ्याने मराठी शिकावी असं आपण मनापासून म्हणतो. तेच तिथे आपल्याला लागू आहे. पहिल्या महिन्यात ‘स्वल्प स्वल्प बरुत्ते’ (थोडं थोडं येतं) एवढं म्हटलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

होकार देऊन झालाय आणि आता अडचण दिसतेय

अजून निघाला नसाल तर जॉइनिंग बोनस आणि रिलोकेशन खर्चाचं कलम पुन्हा वाचा. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं तर ही रक्कम परत मागतात. ते पैसे वर्षभर वेगळ्या खात्यात ठेवा, खर्चात धरू नका. इथलं घर विकू नका. भाड्याने द्या, पण करार अकरा महिन्यांचाच करा.

पोहोचून घर चुकीच्या भागात घेतलं गेलं असेल, तर करारातला लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा ते बघा. तो संपला की नोटीस देऊन ऑफिसजवळ सरका. पेंटिंगचे पैसे गेले तरी रोजचे तास वाचतात. पहिल्यापासून हे टाळायचं असेल, तर सुरुवातीचे दोन महिने एकट्याने पीजीत किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढा आणि कुटुंबाला शाळेचं वर्ष संपल्यावर न्या.

सामान नेणाऱ्याने फोनवर फारच कमी भाव सांगितला तर सावध व्हा. ट्रक भरल्यावर रक्कम वाढवून मागण्याचे प्रकार सर्रास होतात. वस्तूंची यादी, ट्रान्झिट विमा आणि जीएसटीसह एकूण रक्कम लेखी घ्या, आणि दागिने, सर्टिफिकेटं, मुलाचा शाळेचा दाखला व डोमिसाइलची मूळ प्रत स्वतःच्या बॅगेत ठेवा.