माजी सैनिकाच्या पत्नीचं ओळखपत्र 'नावात तफावत' म्हणून परत येत असेल तर

डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवा-नोंदीचं पुस्तक) पत्नीचं नाव 'सुनंदाबाई', आधारवर 'सुनंदा'. एवढ्यावरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला अर्ज परत आला. नुसतं नावबदलाचं राजपत्र जोडूनही काम झालं नाही. अगदी जीव मेटाकुटीला आला. कारण कार्यालय सैन्याची नोंद प्रमाण मानतं, आणि ती फक्त रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवा-नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय, बदलतं.

मार्ग असा: आधी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापत्र, 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' हे वाक्य त्यात हवंच. मग एक इंग्रजी, एक मराठी वर्तमानपत्रात जाहिरात. कात्रण नको, अख्खं पान ठेवा. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), आधारच्या प्रती. हे सगळं जिल्हा कार्यालयाच्या पत्रासह रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा सैन्याचा आदेश, निघाली की तिची प्रत जोडून ओळखपत्राचा नवा अर्ज. पीपीओतलं नावही तेव्हाच दुरुस्त करून घ्या, नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी तेच अडेल.