‘आपला माणूस’ आणि पेन्सिलची हजेरी

भुसावळजवळच्या दीपनगर, वरणगावला किंवा जळगाव एमआयडीसीत कंत्राटी कामावर निघालेली आमच्या सांगलीकडची पोरं हल्ली मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तिकडची माणसं कशी आहेत?” लगेच दुसरा, “आपल्याकडचं कोण आहे का तिथं?” पगार कुणाच्या सहीनं निघतो, हे एकानंही अजून विचारलेलं नाही. नावं कशाला ठेवू, मी तरी कुठं विचारलं होतं?

मी तासगाव तालुक्यातला, आयटीआय फिटर. सांगलीला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळला उतरलो. खांद्यावर वळकटी आणि डोक्यात गावातल्या थोरांनी भरलेला सल्ला: “खानदेशात जातोयस, अहिराणीतले चार शब्द शिकून घे, माणसं खूश होतात.” गाडीत धुळ्याकडचा एक जण भेटला, त्याच्याकडून ‘शे’ (आहे) आणि ‘कथा चालना’ (कुठं चाललास) घोकून घेतलं. पहिल्याच दिवशी साइटवरच्या म्हाताऱ्या फिटरला विचारलं, “नाना, तुमनं गाव कोनतं शे?” नाना यावल तालुक्यातले. त्यांनी पाना खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “आम्ही लेवा बोली बोलतो भो. शे-शे धुळ्याकडं.” अख्खी गँग हसली. महिनाभर माझं नाव ‘शे’ होतं.

तेव्हा हे डोक्यात ठेवा: खानदेश म्हणजे एक गाव नाही. इंग्रजांनी १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचा आजचा जळगाव, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा निघाला. भुसावळ, यावल, रावेरकडं ‘मले-तुले’, अमळनेर-पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत अहिराणी. धुळेकर जळगावकरांवर हसतात, जळगावकर धुळेकरांवर, आणि दोघं मिळून आपल्यावर. आपण तरी काय वेगळं करतो? सांगली-कोल्हापूरची माणसं एका ताटात जेवतात का कधी?

आपल्यावरचा राग मात्र नुसता थट्टेचा नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. एका स्थानिक पोरानं मला तोंडावर ऐकवलं होतं, “पाणी तुमच्याकडं, साखर कारखाने तुमच्याकडं, मंत्री तुमचे. आता आमच्या दारातल्या कामावर हजेरीपण तुमचीच?” मी भांडलो. तेव्हा मला वाटायचं की बाहेरून येणाऱ्याला काम जास्त येतं म्हणून बोलावतात. आज वाटतं, त्याचं निम्मं तरी बरोबर होतं. बाहेरचा माणूस कंत्राटदाराला सोयीचा पडतो. त्याला सणाला घरी जायचं नसतं, शेताची पेरणी नसते, त्याच्यासाठी भांडायला चुलता येत नाही. आपलं कौशल्य त्यानंतर येतं.

आता जिथं मी फसलो ते सांगतो. लांबण लागेल, पण हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

काम होतं पावसाळ्यातलं, एका मोठ्या बॉयलरच्या ओव्हरहॉलिंगचं. आमचा कंत्राटदार आमच्याच जिल्ह्यातला, गाव नदीपलीकडचं. ‘आपला माणूस’ म्हणून मी नेमणुकीची ऑर्डर मागितली नाही, दर लिहून घेतला नाही, वर निघताना ५ हजार उचल घेतली. उचल घेतली की तोंड बंद होतं, हे मला नंतर कळलं. आमची १४ जणांची गँग सांगली-कोल्हापूरची, स्थानिकांची ११ जणांची. दोन्ही गँगवर सुपरवायझर एकच, तोही आमच्याकडचाच, आणि फार गोड बोलणारा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इकडं घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. सुरत-पुण्याला गेलेली माणसंसुद्धा त्यासाठी घरी येतात. स्थानिक गँग ते दोन दिवस आली नाही. सुपरवायझर आम्हाला म्हणाला, “बघितलं? म्हणून मी तुम्हाला आणलं. दाखवा यांना सांगली काय असते.” आम्ही दाखवलं. सलग दोन दिवस १६-१६ तास, बॉयलरच्या आत, घामानं हातमोजे पिळून काढत. ओव्हरटाइम त्यानं हजेरी कार्डावर मांडला, पण पेन्सिलनं. म्हणाला, “महिनाअखेरीला पक्का करतो.”

तीच पेन्सिल. ती बघूनही मला काही वाटलं नाही, याचा राग मला आजही येतो.

महिन्याची ७ तारीख गेली, १५ गेली. सुपरवायझर म्हणाला, “स्थानिकांनी तक्रार केली म्हणून बिल अडकलंय.” आम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं. कँटीनमध्ये बाकं वेगळी झाली. एकदा जड सामान उचलायचा चेनब्लॉक कुणी आधी घ्यायचा यावरून हात उचलण्यापर्यंत वेळ आली. मग एका संध्याकाळी वरणगाव रोडच्या टपरीवर चहा घेत होतो, तिथं नाना आले. थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग विचारलं, “काय भो, तुमचा पगार झाला ना? आमचे पैसे तुमच्या लोकायले आधी दिले म्हने.”

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. पगार आमचाही नव्हता, त्यांचाही नव्हता. ३८ दिवस दोन्हीकडं एकच माणूस दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता, आणि त्या आम्हाला पटत होत्या, कारण आम्हाला त्या पटवून घ्यायच्याच होत्या.

नानांनी खिशातून छोटी डायरी काढली. रोजची तारीख, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, आणि समोर त्या दिवसाच्या वर्क परमिटचा, म्हणजे काम सुरू करायच्या परवान्याचा नंबर, सगळं बॉलपेननं. परमिट नंबर का? तर हजेरी कार्ड कंत्राटदाराचं असतं, त्यात तो खाडाखोड करेल. परमिटचं रजिस्टर मात्र मुख्य कंपनीकडं असतं. कुठल्या दिवशी कुठं काम चालू होतं हे तिथं नोंदलेलं असतं आणि कंत्राटदाराचा हात तिथवर पोचत नाही. गेटपासच्या नोंदीचंही तसंच.

पुढचं सगळं नानांनीच शिकवलं. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ प्रमाणं कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मुख्य मालकानं, म्हणजे मुख्य कंपनीनं द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. पगारवाटपाच्या वेळी मुख्य मालकाचा माणूस हजर असायला हवा होता, ‘माझ्यासमोर दिला’ अशी त्याची सही लागायची. २०२५ साली लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही बुडालेल्या पगाराची जबाबदारी मुख्य मालकावरच आहे. आम्ही २५ जण एकत्र, एकाच अर्जावर सह्या करून मुख्य कंपनीच्या कामगार अधिकाऱ्याकडं गेलो. त्यानं रजिस्टरं मागवली. दोन महिन्यांनी ३८ दिवसांचा पगार मिळाला.

ओव्हरटाइमचं मात्र रडगाणंच. कारखान्यात तो दुप्पट दरानं द्यावा लागतो. नानांना पै न् पै मिळाली. माझे हिशेबानं ६१ तास होते आणि सिद्ध झाले ९, कारण तेवढेच मी मोबाइलवर कुठंतरी टिपून ठेवले होते. बाकीचे पेन्सिलमध्ये गेले.

सुपरवायझर? सुरुवातीला मी त्याला गुरू मानत होतो. साइटवर जो पहिल्याच आठवड्यात “मला मोठा भाऊ समज” म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा, हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. खरा शिकवणारा आधी तुमच्यावर हसतो. आणि ‘पंधरा दिवसांत सिक्स-जी वेल्डर’ (तिरक्या पाइपच्या वेल्डिंगची अवघड परीक्षा) करून देणारे क्लास असतात ना, त्यांच्या नादी लागू नका. टेस्ट पीस तोंडदेखल्या सर्टिफिकेटनं पास होत नाही.

पीएफचं थोडक्यात सांगतो, त्यात मी अजून अडकलेलोच आहे. पगारातून १२ टक्के कापले म्हणजे ते भरले असं नाही. कंत्राटदारानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, त्यानंतर उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. रुजू होताना जुना १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, स्वतःहून द्या. मी दिला नाही, त्यांनी नवा काढला, तोही आडनावात चूक करून. आता दोन खाती आहेत आणि दोन्हीकडं नाव जुळत नाही. जुन्या कंत्राटदारानं सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपण ऑनलाइन टाकता येते. पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी लागते. तुकडे जोडले नाहीत, तर कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, शटडाउनच्या कामावर फिरणाऱ्या माणसाची १० वर्षं कधी भरायची?

एवढं वाचून घाबरला असाल, तर घाबरू नका. ज्या काकूंकडं मी खोलीवर राहिलो, त्यांनी पगार अडकला तेव्हा दोन महिने भाड्याचा विषय काढला नाही. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली की निम्मं दुखणं पळतं, आणि शेवभाजीचा तिखटपणा आपल्या तांबड्या रश्शाला खाली मान घालायला लावतो. (हे गावाकडं सांगू नका.) उन्हाळ्यात मात्र पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहिल्या आठवड्यात मर्दुमकी दाखवू नका. राहायचं तर शक्यतो स्थानिकाच्या शेजारी राहा. १४ सांगलीकर एका खोलीत कोंबून राहिले की रोज रात्री तेच ते गावचं राजकारण होतं आणि बाहेर काय चाललंय ते कळत नाही.

गेल्या श्रावणात नानांनी घरी बोलावलं. कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, भाऊबंदांतच खायचे असतात, म्हणून ते मला मिळाले नाहीत, हे त्यांनी दारातच स्पष्ट सांगितलं. जेवण मात्र पोटभर वाढलं. जेवण झाल्यावर विचारलं, “डायरी लिहितो ना?” मी खिशातून काढून दिली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, “मंगळवारचा परमिट नंबर कुठं आहे?”