परदेशी जोडीदाराशी लग्न: आधी कागद, मग मुहूर्त

सोलापुरात लग्न ठरलं की पहिली धावपळ मंगल कार्यालयासाठी होते. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर तो ॲडव्हान्स थोडा थांबवा आणि आधी दिवस मोजा. माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्ही उलटं केलं. मुहूर्त धरला, पत्रिका छापल्या, आणि मग कळलं की नोटिशीचे 30 दिवस मुहूर्ताच्या पुढे जातायत. अक्षता ठरल्या दिवशी पडल्या, पण सह्यांसाठी जावयांना सुट्टी वाढवून घ्यावी लागली.

सुरुवात एका प्रश्नापासून करा: लग्नानंतर राहणार कुठे? लग्न कुठे करायचं आणि कोणता व्हिसा घ्यायचा, हे दोन्ही त्यावर ठरतं.

सोलापुरात लग्न करायचं असेल तर

रस्ता विशेष विवाह कायदा, 1954 चा. दोघांचे धर्म, देश वेगळे असले तरी चालतो. दोघांपैकी एकाने नोटिशीच्या आधी जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. मुलगी सोलापूरची, पण नोकरीला पुण्यात, अशा घरांनी हे नीट बघावं. आधार कार्डावर सोलापूरचा पत्ता आहे म्हणून ती इथे राहते असं होत नाही. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. ती 30 दिवस फलकावर लागते. वैध हरकत आली नाही, तर नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. मुदत गेली की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. अधिकाऱ्यासमोर म्हणायचं वाक्य दोघांना कळणाऱ्या कुठल्याही भाषेत चालतं. आमच्या जावयांनी ते मराठीत पाठ केलं होतं, आणि ते ऐकताना मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

परदेशी जोडीदाराकडून पासपोर्ट, चालू व्हिसा, जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला मागवा. आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा हुकूमनामाही. अविवाहित असल्याच्या दाखल्याला प्रत्येक देशात वेगळं नाव आहे आणि मिळायला वेळ लागतो. जर्मनीचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून फार आधी काढूनही उपयोग नाही.

आता नावाबद्दल. यात सोलापूरकर जितके अडकतात तितके कशातच अडकत नाहीत. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही घरं. तेलुगू घरात आडनाव पुढे, शाळेच्या दाखल्यात ते शेवटी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर नुसतं आद्याक्षर. बहिणीच्या आडनावात एका कागदावर 'डबल एल' होता, दुसऱ्यावर एकच. आपल्याला ते एकच नाव वाटतं, परदेशी अधिकाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. म्हणून सगळे कागद जेवणाच्या टेबलावर एकाशेजारी एक मांडा आणि अक्षर-अक्षर ताडून बघा. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचे कागद नोटिशीच्या आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नाच्या दाखल्यात चूक राहिली तर ती पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्यामागे येते.

परदेशी पाहुणा हॉटेलऐवजी तुमच्या घरी उतरला, तर 24 तासांत परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला (एफआरआरओ) ऑनलाइन कळवणं घरमालकाचं काम आहे. घरचा जावई असला तरी.

जोडीदार इथेच राहणार असेल तर

लग्नाच्या दाखल्यासह याच कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर एन्ट्री म्हणजे 'एक्स' व्हिसासाठी अर्ज करा. या व्हिसावर नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही, हे आधीच बोलून घ्या. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलं की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ते मिळत नाही. विवाहाच्या आधारे नागरिकत्व हवं असेल तर सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. जर्मनीला जाणाऱ्या पती-पत्नीला सहसा व्हिसाआधी जर्मनची ए1, म्हणजे अगदी पहिली पातळी दाखवावी लागते. पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आपल्याला जवळचं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात क्लास लावा.

अमेरिकेचे दोन रस्ते आहेत. लग्न करून पती-पत्नीचा इमिग्रंट (कायम राहण्यासाठीचा) व्हिसा, किंवा लग्नाआधी के-1 हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा. के-1 घेतला तर तिथे पोचल्यापासून 90 दिवसांत लग्न करावं लागतं, आणि तिथलं ते लग्न होईपर्यंत तुम्ही अविवाहितच असायला हवं. इथे कळकळीनं सांगते: के-1 करणार असाल तर साखरपुडा साखरपुड्यासारखाच करा. आजीच्या आग्रहाखातर अक्षता, मंगळसूत्र, सप्तपदी उरकली, तर फोटो बघून 'तुमचं तर लग्न झालंय' असं अधिकारी म्हणू शकतो, आणि त्याचं चूक नसतं. घरच्यांना हे आधीच प्रेमानं समजावा.

इमिग्रंट व्हिसाने जाताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत अट काढण्याचा अर्ज करायचा. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून मिळतं. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. बऱ्याच देशांसाठी लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे तो खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणन लागतं. आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री नको, एक दिवस हाताशी ठेवून निघा. मूळ कागदांची फाईल बर्थखालच्या बॅगेत ठेवू नका. उशाशी घ्या.