वय वाढलं, वेळ वाढली: धावेची खरी तुलना कशी करावी

पन्नासाव्या वर्षी दहा किलोमीटर ४८ मिनिटांत, साठाव्या वर्षी ५२ मिनिटांत. चार मिनिटं गेली एवढंच घड्याळ सांगतं. ती वयानं नेली की सराव ढिला पडला, हे शोधायला एज ग्रेडिंग लागतं. यात प्रत्येक वयाला आणि प्रत्येक अंतराला स्त्री-पुरुषांसाठी वेगळा गुणक असतो. त्या वयाचे सर्वोत्तम धावपटू खुल्या गटाच्या, म्हणजे वयाची अट नसलेल्या गटाच्या, तुलनेत किती वेग टिकवतात, त्यावरून तो काढलेला असतो. त्यावरून तुमची धाव त्या सर्वोत्तम धावपटूंच्या किती टक्के, हे निघतं. गुणकांचे हे तक्ते वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स या पस्तिशीपुढच्या खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या नावानं ओळखले जातात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या मराठी धावपटूंना ही टक्केवारी पार्करन या दर आठवड्याच्या मोफत पाच किलोमीटर धावेच्या निकालात आयती मिळते. इथे ती आपण काढायची.

आधी वेळा गोळा करा, पण पारखून

सगळी चूक इथेच होते. आकडेमोड कितीही बिनचूक केली तरी मुळातली वेळ कच्ची असेल तर उत्तर कच्चंच.

घड्याळाच्या जीपीएसवर मोजलेलं दहा किलोमीटर घेऊ नका. झाडी आणि उंच इमारतींमध्ये ते भरकटतं. प्रमाणित मार्ग सायकलीवर बसवलेल्या यंत्रानं मोजतात आणि अंतर चुकूनही कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. अशाच स्पर्धांच्या वेळा घ्या. हाफ मॅरेथॉनला (२१.१ किलोमीटर) घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवत असेल, तर बरेचदा वळणं बाहेरून घेतल्याचा आणि जीपीएसच्या चुकीचा तो परिणाम असतो. मार्ग लांब होता असं धरून वेळ कापू नका.

वेळ चिप टाइमच घ्या, म्हणजे तुम्ही स्वतः प्रारंभरेषा ओलांडल्यापासूनची. मुंबई मॅरेथॉनसारख्या गर्दीत प्रारंभरेषेपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात आणि गन टाइममध्ये, म्हणजे शर्यत सुटल्यापासून मोजलेल्या वेळेत, ती तुमच्या खात्यात पडतात. एका वर्षी चिप आणि दुसऱ्या वर्षी गन, असं तर मुळीच नको.

मार्ग आणि हवामान हा याहून मोठा घोळ. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमधला यवतेश्वरचा घाट आणि सपाट रस्त्यावरची हाफ यांची तुलना कुठलाही गुणक करून देत नाही, कारण तक्त्यात वय धरलेलं असतं, चढ नाही. मुंबईचा दमटपणाही त्यात नाही. म्हणून शक्यतो तीच स्पर्धा, तोच महिना, तोच मार्ग. वहीत वेळेशेजारी तापमान लिहून ठेवा, दोन वर्षांनी ते आठवत नाही.

गुणक शोधा

स्पर्धेच्या दिवशी पूर्ण झालेलं वय घ्या. बिबवरचा (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरचा) वयोगट पाच किंवा दहा वर्षांचा असतो, तो इथे कामाचा नाही. रस्त्याच्या शर्यतीला रस्त्याचा तक्ता, ट्रॅकला ट्रॅकचा. तक्ते दर काही वर्षांनी सुधारले जातात, आणि एका संकेतस्थळावर जुना तर दुसऱ्यावर नवा असू शकतो. त्यामुळे तुमच्या साऱ्या वेळा, वीस वर्षांपूर्वीच्यासुद्धा, एकाच आवृत्तीतून काढा. नाहीतर तुम्ही जागचे न हलता टक्के बदलतील.

हिशेब करा

वेळ सेकंदांत आणा आणि गुणकानं गुणा. गणित कळावं म्हणून पन्नाशीला ०.८९ आणि साठीला ०.८१ असे गोल गुणक धरू.

पन्नाशी: २८८० × ०.८९ = २५६३ सेकंद, म्हणजे ४२:४३
साठी: ३१२० × ०.८१ = २५२७ सेकंद, म्हणजे ४२:०७

घड्याळात चार मिनिटं गेली, पण वय वजा केल्यावर धाव ३६ सेकंदांनी सुधारली आहे. टक्के हवे असतील तर तक्त्यातली खुल्या गटाची मानक वेळ या उत्तरानं भागून शंभरानं गुणा. मानक १६०० सेकंद धरलं तर ६२.४ टक्क्यांवरून ६३.३. ढोबळ मानानं ६० च्या वर स्थानिक दर्जा, ७० च्या वर प्रादेशिक, ८० च्या वर राष्ट्रीय आणि ९० च्या वर जागतिक मानतात.

उतार सरळ रेषेत नसतो

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये टोरांटोत ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २:५४:४८ मध्ये पूर्ण केली. तेव्हाचा विश्वविक्रम २:०४:५५ होता, म्हणजे विक्रमवीराच्या ७१ टक्के वेग. तिथेच २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, ३:५६:३४. त्या वेळच्या २:०२:५७ च्या विक्रमापुढे ५२ टक्के. बारा वर्षांत १९ टक्के! पस्तिशी ते साठीत उतार वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का असतो, सत्तरीनंतर तो घसरगुंडीसारखा होतो. साठीतल्या उतारावरून ऐंशीचा अंदाज बांधणं म्हणूनच चुकतं.

कारण शरीरात आहे. हृदयाचे कमाल ठोके उतरतात, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता कमी होते, आणि पावलांची गती बरीचशी टिकली तरी पाऊल आखूड पडतं. शेवटच्या गोष्टीवर उपाय करता येतो: आठवड्यातून दोनदा पायांचे ताकदीचे व्यायाम आणि सोप्या धावेनंतर २० सेकंदांच्या पाच-सहा मोकळ्या धावा.

निकाल कसा वाचायचा

एका शर्यतीवरून काही ठरवू नका. वर्षातल्या चांगल्या दोन-तीन वेळा घ्या. एक-दोन टक्क्यांचा फरक हवेचा किंवा रात्रीच्या झोपेचाही असू शकतो. पंचेचाळिशीनंतर धावायला लागलेल्यांचे टक्के पहिली काही वर्षं चढतच जातात. तो नव्या सरावाचा लाभ आहे, तो स्थिरावल्यानंतरच वयाची तुलना सुरू करा. ऐंशीपुढच्या गुणकांवर फार विसंबू नका, कारण त्यामागे धावपटू थोडे असतात. दुसऱ्याशी तुलना चालते, पण या आकड्याचं खरं मोल आपल्याच जुन्या आकड्याशेजारी.

काही महिन्यांत टक्के चार-पाचनं घसरले तर वयाला दोष देऊ नका, वय इतक्या घाईनं काम करत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, रक्तदाबाची गोळी बदलली आहे का ते आठवा. बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. धावताना छातीत दडपण आलं तर तिथेच थांबायचं, आकडे नंतर.

पुढच्या वर्षाचं लक्ष्यही याच हिशेबानं उलटं काढता येतं. एकसष्टीचा गुणक ०.८०२ धरला तर २५२७ ÷ ०.८०२ = ३१५१ सेकंद, म्हणजे ५२:३१. तेवढी वेळ आली तर तुम्ही जागेवर आहात. ५२:१५ आली तर चढलात.