आधी कंपायलर, मग चिप

देवगड-मालवणकडच्या बागायतदारांच्या घरातली मुलं मायक्रोकंट्रोलरकडे (प्रोग्रॅम भरून यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपकडे) वळतात ती बहुधा घरच्या गरजेपोटी. विहिरीवरचा पंप वेळेवर बंद व्हावा, टाकी भरली की कळावं, आंब्याच्या अढीतलं तापमान दिसावं. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “चिप कुठली घेऊ?” मी सांगतो, आधी कंपायलर ठरव, म्हणजे आपण लिहिलेला कोड चिपला कळेल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर. चिप स्वस्तात मिळते आणि बदलताही येते. पण व्यावसायिक कंपायलरचं लायसन्स हौशी माणसाला परवडत नाही, आणि ‘फुकट’ म्हणून जे मिळतं त्याच्या अटी नीट वाचाव्या लागतात.

डिप्लोमाला ८०५१ ही मायक्रोकंट्रोलरची जुनी जात शिकलेल्यांच्या हाताला कायल या व्यावसायिक कंपायलरची सवय असते. कंपायलर उत्तमच आहे, पण ८०५१ साठीच्या त्याच्या मोफत चाचणी आवृत्तीत प्रोग्रॅम २ केबीपर्यंतच बनतो. एटी८९एस५२ या ८०५१ जातीच्या चिपमध्ये फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) आहे ८ केबी. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या चिपचा पाऊण भाग रिकामाच राहणार. एलईडी लुकलुकवण्यापुरतं हे चालतं. डिस्प्ले, बटणं, घड्याळ आणि पंपाची वेळापत्रकं एकत्र आली की जागा संपते.

८०५१ च हवी असेल तर एसडीसीसी हा कंपायलर घ्या. तो मुक्त आहे, त्याला आकाराची मर्यादा नाही आणि डाउनलोडही आटोपशीर आहे. कॉलेजातला कोड मात्र जसाच्या तसा चालत नाही. हेडर फाइलचं नाव वेगळं, पिनला नाव द्यायची पद्धत वेगळी, इंटरप्ट फंक्शन (चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) लिहायची रीत वेगळी. एकदा बसून हे बदल केले की पुढे अडत नाही. मायक्रोचिप कंपनीच्या ‘पिक’ (PIC) चिपसाठी मात्र एसडीसीसीच्या वाटेला जाऊ नका, त्याचा तो भाग आता कोणी सांभाळत नाही. तिथे मायक्रोचिपचाच एक्ससी८ कंपायलर बरा. मोफत आवृत्तीतही आकाराचं बंधन नाही, फक्त वरच्या पातळीचं ऑप्टिमायझेशन (कोड लहान आणि वेगवान करणं) पैसे भरल्यावर मिळतं.

नवख्यांसाठी माझी पसंती एव्हीआर जातीच्या चिपना आणि त्यांच्या एव्हीआर-जीसीसी या मोफत कंपायलरला. आर्डुइनो उनो आर३ हा शिकाऊंचा तयार बोर्ड वापरताना पडद्यामागे हाच कंपायलर काम करत असतो, त्यामुळे आर्डुइनोत सुरुवात केलेली मेहनत वाया जात नाही. पुढे लायब्ररी बाजूला ठेवून थेट पोर्टचे रजिस्टर (चिपच्या पिना चालू-बंद करणाऱ्या आतल्या जागा) लिहायला लागलात तरी कंपायलर तोच राहतो. कोऱ्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला यूएसबीएएसपी हे स्वस्त उपकरण (प्रोग्रामर) आणि एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर पुरतात.

या उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश असली तरी रॅम (प्रोग्रॅम चालताना लागणारी मेमरी) फक्त २ केबी आहे, म्हणून काटकसरीची सवय पहिल्यापासून लावा. अढीचं तापमान मोजायला डीएस१८बी२० सेन्सर लावलात तर तो अंशाच्या सोळाव्या भागात पूर्णांकच देतो. त्याचं लगेच दशांशात रूपांतर करू नका. या चिपला दशांश गणिताचं वेगळं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने होतं आणि कोड फुगतो. हिशोब पूर्णांकात ठेवा, दशांश चिन्ह फक्त डिस्प्लेवर दाखवा. अशा लिहिण्यातून जेवढी जागा वाचते, तेवढी महागडं ऑप्टिमायझेशन घेऊनही वाचेलच असं नाही.

वाडीतल्या शेजाऱ्याने “मलाही असा पंप कंट्रोलर करून दे, पैसे देतो” म्हटलं की लायसन्सचा प्रश्न खरा होतो. काही मोफत आवृत्त्या बिगर-व्यावसायिक वापरापुरत्याच असतात. एव्हीआर-जीसीसीने बनवलेला प्रोग्रॅम विकायला कंपायलरची आडकाठी नाही. (पंपाच्या स्टार्टरची जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.)

आणखी एक सांगतो, ते आपल्याकडच्या पावसाचं. जून लागला की लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. त्याआधी कंपायलरचा पूर्ण इन्स्टॉलर, लागणाऱ्या लायब्ररी आणि चिपची डेटाशीट (माहितीपत्रक) पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून कंपायलरची आवृत्ती लिहा. तीन वर्षांनी तोच कंट्रोलर दुरुस्त करायची वेळ आली, तर कुठल्या आवृत्तीने तो बांधला होता हे तिथेच सापडेल.